उडालेली हॅट आणि शंभर मिलिमीटरचा बोअर

फ्रान्समधल्या एका तिठ्यावर दोन गाड्या एकाच वेळी येऊन पोचल्या. दोन्हींनी वेष पालटलेला होता, तरीही दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना ओळखलं. साल १९२४, महिना ऑगस्ट. एका गाडीत बेंटली मोटारींचे निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटली स्वतः होते, दुसरीत रोल्स-रॉइसचं चाचणी पथक. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा. दोघांनीही ॲक्सिलरेटर दाबला आणि दोन्ही गाड्या एकमेकींना मागे टाकायच्या खटपटीत पळत राहिल्या. शेवटी रोल्स-रॉइसमधल्या एकाची हॅट वाऱ्यानं उडाली. ती आणायला गाडी थांबली आणि शर्यत तिथंच मिटली.

या प्रसंगानंतर बेंटलींनी आपल्या नव्या इंजिनाचा आकार सव्वाचार लिटरवरून थेट साडेसहा लिटरवर नेला.

मी पुण्याच्या पट्ट्यात रोड टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली. प्रतिस्पर्ध्याची गाडी आणायची, चालवायची, मग बोल्ट-बोल्ट सुटा करून टेबलावर मांडायची, हा आमच्या धंद्यातला नित्यनेम. त्याला बेंचमार्किंग म्हणतात आणि त्याच्या फायली जाडजूड असतात. नव्यानं आलेल्या पोरांना मी आधी त्या फायली दाखवत नाही, हे हॅटचं प्रकरण सांगतो. यात ना वजनकाटा होता, ना ठरलेला मार्ग, ना प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनाची काही माहिती. तरी निष्कर्ष काढला गेला, आणि माझ्या मते बरोबर काढला गेला. त्या बरोबर निष्कर्षानं कंपनीला कुठं नेऊन ठेवलं, ती गोष्ट निराळी. तीही खाली येईलच.

एक सांगून ठेवतो. ही हकीकत मुख्यतः बेंटलींच्या बाजूनं आलेली आहे. शर्यतीची गोष्ट सांगणारा त्या शर्यतीतलाच असला की चिमूटभर मीठ आपण आपलं घालायचं असतं. पण इंजिनाचे आकडे कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाहीत, आणि या प्रकरणातलं वजनदार माप तेच आहे.

सूर्य नावाची गाडी

डब्ल्यू. ओ. मूळचे रेल्वेचे. डॉनकास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं आखली आणि १९१९ मध्ये स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. लंडनच्या उत्तरेला क्रिकलवुडला कारखाना. पहिली गाडी थ्री लिटर: चार सिलिंडर, डोक्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. गाडी चपळ होती. १९२४ च्या जूनमध्ये जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांनी याच गाडीवर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. म्हणजे तिठ्यावरच्या प्रसंगाच्या जेमतेम दोन महिने आधी कंपनीच्या नावाचा डंका वाजून गेला होता.

अडचण गिऱ्हाइकांनी केली. त्या काळी या दर्जाच्या कंपन्या फक्त चासी विकत: इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, चाकं, स्टिअरिंग. त्यावरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या आवडीच्या कारागिराकडून बांधून घेई. आपल्याकडे ट्रकचं आजही असंच चालतं. एसटीच्या गाड्याही वर्षानुवर्षं तयार चासीवर दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी चढवून बाहेर पडल्या. ज्यानं बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये एक चक्कर मारली आहे त्याला ठाऊक असतं की मालकाला तिथं काहीही सुचतं. बेंटलीच्या मालकांना तर भारीच सुचायला लागलं. शर्यतीसाठी आखलेल्या लांब चासीवर ते काचाबंद, गुबगुबीत गाद्यांची, मागे पाय पसरून बसायची घरं बांधून घेऊ लागले. कंपनी चासीला पाच वर्षांची गॅरंटी देत असे. तीन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन ते घर ओढताना धापा टाकणार आणि तक्रार क्रिकलवुडला येणार, हे उघड होतं.

म्हणून सहा सिलिंडरचं नवं इंजिन. थ्री लिटरच्याच घडणीवरून बेतलेलं, ८० मिलिमीटर बोअरचं (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), सव्वाचार लिटरचं. ते चाचणीच्या चासीत बसवलं आणि गाडी ओळखू येऊ नये म्हणून समोर पाचरीच्या आकाराचा, बघवणार नाही असा रेडिएटर लावला. नोंदणीही बेंटलीच्या नावानं केली नाही. कागदावर ती ‘सन’ या बनावटीची गाडी होती. सन म्हणजे सूर्य. लपवायच्या गाडीला सूर्य नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला माझा सलाम.

बॉडी फ्रीस्टोन अँड वेब यांची होती, वेमन धर्तीची. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त. वेमन पद्धतीत लाकडी सांगाड्याचे तुकडे एकमेकांना टेकत नाहीत; मध्ये धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे रस्त्याच्या हादऱ्यांनी लाकूड करकरत नाही. वरून पत्र्याऐवजी कातड्यासारखं कापड ताणलेलं असतं. सगळा डोलारा मोठा दिसतो पण वजनाला हलका. तर सन ही अशी हलक्या अंगाची, उघडी टूरर होती.

ही गाडी घेऊन डब्ल्यू. ओ. लियाँला फ्रेंच ग्रां प्री बघायला गेले. चाचणीही होते, शर्यतही बघून होते. कुठल्याही टेस्टिंगवाल्यानं हेच केलं असतं. परतताना डिएपची बोट पकडायची होती, आणि वाटेत तो तिठा आला.

समोरची गाडी

रोल्स-रॉइसची गाडीही तितकीच झाकलेली होती. सिल्व्हर घोस्ट १९०६ पासून चालू होती आणि तिची जागा घेणारी गाडी गुपचूप तयार होत होती. कारखान्यात तिचं सांकेतिक नाव ‘ईस्टर्न आर्मर्ड कार’, म्हणजे पूर्वेकडची चिलखती गाडी. महायुद्धात घोस्टच्या चासीवर चिलखती गाड्या खरोखरच बांधल्या गेल्या होत्या, त्यामुळे थाप पचण्यासारखी होती. ती आणखी पक्की व्हावी म्हणून डर्बीच्या कारखान्यात चिलखती पत्र्याचे तुकडे सहज दिसतील असे टाकून ठेवले होते. आमच्याकडच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कॅमोफ्लाज स्टिकरपेक्षा ही युक्ती मला सरस वाटते. स्टिकर बघून शेंबडं पोरही ओळखतं की यात काहीतरी नवं आहे आणि मोबाइल काढतं.

चाचण्यांसाठी रोल्स-रॉइसनं फ्रान्सच निवडला होता. शातोरू या गावी त्यांचा तळ असे आणि तिथून गाड्या हजारो मैल हाणल्या जात. इंग्लंडच्या वळणावळणाच्या, कुंपणांनी बांधलेल्या रस्त्यांवर गाडी तासन्‌तास पूर्ण वेगानं नेता येत नाही; फ्रान्सचे सरळ महामार्ग त्यासाठीच देवानं दिलेले. शिवाय सर हेन्री रॉइस यांची प्रकृती नाजूक. हिवाळ्यात ते दक्षिण फ्रान्समध्ये ल कानादेलला राहत आणि तिथून डर्बीला सूचना धाडत. चाचणी विभागाची धुरा अर्नेस्ट हाइव्ह्ज यांच्याकडे होती. १९११ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रोल्स-रॉइस ताशी शंभर मैलांच्या पुढे नेणारे ते हेच.

याच कंपनीनं पूर्वी चाचण्या चारचौघांत, ढोल वाजवून केल्या होत्या, हे इथं आठवतं. १९०८ च्या मुंबई ते कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची त्यांची सिल्व्हर घोस्ट उतरली, वाटेतले घाट चढून-उतरून पहिली आली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. तेव्हा माल खपवायचा होता, म्हणून दुनियेनं बघावं अशी इच्छा. १९२४ मध्ये माल झाकायचा होता.

तिठ्यावर आलेली गाडी पुढच्या वर्षी, मे १९२५ मध्ये, न्यू फँटम नावानं बाजारात आली. सहा सिलिंडर, व्हॉल्व्ह आता डोक्यावर, इंजिन ७,६६८ सीसीचं. डब्ल्यू. ओं.ना यातला एकही आकडा त्या दिवशी उपलब्ध नव्हता.

रस्त्यावर काय कळतं

प्रतिस्पर्ध्याच्या गाडीमागं राहून काय कळतं याचा एक अनुभव सांगतो. खंबाटकी घाटात, साताऱ्याकडे चढताना, एकदा आमच्या पुढे दुसऱ्या कंपनीची कॅमोफ्लाज केलेली गाडी लागली. मी बॉनेटचा आकार, दिव्यांची जागा, असलं काहीबाही टिपत होतो. आमचा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “साहेब, ती तिसऱ्यात चढतीय बघा.” आम्ही त्याच चढाला दुसऱ्यात होतो. त्यानं कान बाहेर लावले होते. पुढच्या इंजिनाचा आवाज कुठं बदलतो, वळणावर तिचा वेग किती पडतो, किती लवकर सावरतो, हे तो ऐकून सांगत होता. संध्याकाळी मी चार पानी रिपोर्ट लिहिला. त्यात कामाचं वाक्य ते एकच होतं.

डब्ल्यू. ओं.चा कान त्याहून तयार होता, आणि त्यांच्या पायाखालचं इंजिन त्यांनी स्वतः आखलेलं होतं. आपली गाडी किती ताणली जाते आहे हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. सन मागे पडली नाही. पुढेही गेली नाही. डिएपला पोचेपर्यंत टायर टकले व्हायच्या बेताला आले होते. हॅट उडाली नसती तर हरण्या-जिंकण्याचा निकाल इंजिनाऐवजी टायरनंच लावला असता.

आता या ‘बरोबरी’चा अर्थ काय लावायचा? माझ्या दृष्टीनं प्रकरणाचा गाभा इथं आहे.

एक अर्थ सोपा आणि मनाला गोड लागणारा. नवीन, लहान कंपनीची सव्वाचार लिटरची गाडी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गाडीच्या पुढच्या अवताराला सोडत नाही! पुढच्या वर्षी फँटमचा आकार जाहीर झाल्यावर तर हा अर्थ आणखी गोड झाला असता. साडेसात लिटरहून मोठ्या इंजिनाला सव्वाचार लिटर पुरून उरलं. लिटरमागे ताकद काढली तर बेंटली कितीतरी सरस. मी पाहिलेल्या दहापैकी आठ मीटिंगांमध्ये याच वाक्यावर टाळ्या पडल्या असत्या आणि चहा आला असता.

डब्ल्यू. ओं.नी ती बरोबरी म्हणजे हारच धरली. कारण सन ही विकायची गाडी नव्हती. तिच्यावर कापडाची हलकी, उघडी बॉडी होती, आणि हे इंजिन तर काचाबंद, जड बॉड्यांसाठी बनत होतं. सपाट रस्त्यावर पूर्ण वेगात वजनाचा फरक तितका जाणवत नाही, तिथं वाऱ्याशी झुंज असते. पण गिऱ्हाइकाची बंद लिमोझिन वाऱ्यालाही जास्त अंग देते. आणि चढावर, किंवा गावातून बाहेर पडून पुन्हा वेग घेताना, वजन हिशेब चुकता करतं. हलक्या अंगानं पळून जी बरोबरीत सुटली ती पाठीवर घर घेऊन मागेच पडणार. बेंटलीकडे विकायला होतं तरी काय? वेग. शांतपणा, दिमाख, नावाचा दबदबा, हे सगळं रोल्स-रॉइसकडे आधीच होतं. वेगातही बरोबरीच होत असेल तर गिऱ्हाइकानं क्रिकलवुडला का यावं?

स्वतःच्या गाडीला त्या दिवशी मिळालेली सवलत त्यांनी आधी वजा केली आणि मग निकाल वाचला. फायलीत हे वजाबाकीचं कॉलम क्वचितच असतं.

वीस मिलिमीटर

आता निर्णय. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होणारी धाव, होता तोच ठेवला, १४० मिलिमीटर. बोअर ८० वरून १०० वर नेला. सिलिंडरचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून वीस मिलिमीटरनं आकार ५६ टक्के वाढला आणि इंजिन ६,५९७ सीसीचं झालं. थोडंसं वाढवून बघू, मग परत बघू, असं नाही. ज्याला आमच्यात ‘मार्जिन’ म्हणतात तो एकदमच घेऊन टाकला.

याची किंमत गिऱ्हाइकानं दर वर्षी मोजायची होती. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवरचा कर अश्वशक्तीमागे एक पौंड होता. पण ही अश्वशक्ती मोजलेली नसे, सूत्रानं काढलेली असे. बोअरचा वर्ग गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच, बोअर इंचात. स्ट्रोकचा त्यात पत्ताच नाही. त्यामुळे ब्रिटिश कारखानदार बोअर बारीक आणि स्ट्रोक लांब ठेवायच्या मागे असत. अर्ध्या देशाची इंजिनं उंच आणि सडपातळ झाली ती या सूत्रापायी. हिशेब करून बघा: ८० मिलिमीटरच्या सहा सिलिंडरांना २३.८ अश्वशक्ती येते, १०० मिलिमीटरच्या सहांना ३७.२. वर्षाचा कर साधारण २४ पौंडांवरून ३८ च्या घरात. स्ट्रोक वाढवला असता तर कर वाढला नसता, पण पिस्टनचा वेग वाढला असता आणि इंजिन उंच झालं असतं. डब्ल्यू. ओं.नी कराकडे काणाडोळा केला. हजार-दीड हजार पौंडांची नुसती चासी घेणारा माणूस चौदा पौंडांसाठी अडून बसत नाही. फँटमचा आकडा याच सूत्रानं ४३.३ येत होता, तेव्हा तुलनेत बेंटली स्वस्तच.

आकार वाढवून काम भागलं असतं तर प्रकरण इथं संपवलं असतं. पण सहा सिलिंडरच्या इंजिनाला बंद बॉडीत शांतही राहायचं होतं. थ्री लिटरमध्ये डोक्यावरचा कॅमशाफ्ट उभ्या दांड्यानं आणि तिरक्या दातांच्या गिअरनं फिरे, आणि तो गिअर गुणगुणतो. उघड्या गाडीत वाऱ्यापुढे ती गुणगुण ऐकू येत नाही. काचा लावल्या की तीच कानाशी येते. डब्ल्यू. ओं.नी उपाय काढला तो थेट रेल्वेच्या शेडमधला. तीन कनेक्टिंग रॉड, एक्सेन्ट्रिकवर (मध्य सोडून बसवलेल्या चकत्यांवर) बसवलेले, वाफेच्या इंजिनाची चाकं जोडणाऱ्या दांड्यांसारखे वर-खाली फिरून कॅमशाफ्ट फिरवतात. लांब दांडा गरम होऊन वाढतो, त्याची सोयही केलेली. डॉनकास्टरची उमेदवारी अशी वीस वर्षांनी कामाला आली. मला या अख्ख्या गाडीत हीच गोष्ट सगळ्यात आवडते, आणि मजा अशी की शर्यतीत हे दांडे कुणाला दिसणारही नव्हते, ऐकूही येणार नव्हते. न ऐकू येणं हेच त्यांचं काम.

नव्या गाडीचं दर्शन १९२५ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात झालं. चासी १,४५० पौंडांना. साध्या रूपात इंजिन १४७ अश्वशक्ती देत होतं. रोल्स-रॉइस त्या काळी आपला आकडा सांगतच नसे.

या निर्णयाचं खरं पीक मात्र दुसऱ्याच शेतात आलं. १९२७ मध्ये थ्री लिटरची जागा घ्यायला चार सिलिंडरचं मोठं इंजिन हवं होतं. बोअर १०० आणि स्ट्रोक १४० तयारच होता; सहातले दोन सिलिंडर कमी केले की झाली साडेचार लिटर. ४,३९८ सीसी, कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघा. १९२८ ची ल मान्स या साडेचार लिटरनं जिंकली. १९२९ आणि १९३० ची जिंकली स्पीड सिक्सनं, म्हणजे साडेसहा लिटरच्याच तेज अवतारानं. ओळीनं तीन वर्षं, आणि तिन्ही वेळा पिस्टनचा व्यास तोच, हॅट उडाल्यानंतर ठरलेला.

मग चूक कुठं झाली

चूक झाली असंही म्हणता येत नाही, म्हणून हे प्रकरण शिकवायला अवघड जातं. साडेसहा लिटरच्या ५४५ गाड्या निघाल्या, त्यात १८२ स्पीड सिक्स. त्याच सुमारास डर्बीहून निघालेल्या पहिल्या फँटम सव्वादोन हजारांवर जातात, अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बनलेल्या वेगळ्या. बेंटलीची गाडी सरस ठरली तरी ती रोल्स-रॉइसच्या अंगणात जाऊन उभी राहिली होती, आणि त्या अंगणात पैशाची थैली लागते. बेंटली मोटर्सकडे ती कधीच नव्हती. १९२६ मध्ये वुल्फ बर्नाटो यांनी कंपनी हाती घेतली आणि आपला पैसा ओतला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेला तो पैसा होता, म्हणून एवढी वर्षं पुरला.

रोल्स-रॉइस प्रतिस्पर्ध्याकडून शिकत नव्हती असं कुणी समजू नये. हिस्पानो-सुइझा या दुसऱ्या उंची मोटार कंपनीच्या गाडीला १९१९ पासून चारही चाकांना सर्व्हो ब्रेक होते, म्हणजे पायाच्या जोराला यंत्राची जोड देणारे. रोल्स-रॉइसनं ते पेटंट परवान्यानं घेतलं, आपल्या पद्धतीनं बसवलं आणि १९२४ पासून गिऱ्हाइकाला दिलं. परवान्याचा पैसा मोजला, विषय संपला. शर्यत लावण्याचा मोह नाही, मोठेपणाचा प्रश्न नाही. मला व्यक्तिशः डब्ल्यू. ओं.ची रीत जास्त भावते, पण पगार कुणाच्या कंपनीत वेळेवर होईल असं विचाराल तर उत्तर वेगळं देईन.

१९३० मध्ये बेंटलींनी तीच चाल पुन्हा खेळली. स्ट्रोक १४०, बोअर आणखी दहा मिलिमीटरनं वाढवून ११०. इंजिन ७,९८३ सीसीचं, फँटमहून ३१५ सीसी जास्त. चासी १,८५० पौंडांना, आणि अंगावर कुठलीही बॉडी असो, ताशी शंभर मैलांची ग्वाही. सनला जे जमलं नव्हतं ते या एट लिटरला जमलं: पाठीवर घर घेऊन पुढे जाणं. पण सहा वर्षांत जग बदललं होतं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून वर्ष झालं होतं आणि मंदीचं पाणी नाकाशी आलं होतं. शंभर चासी तयार झाल्या, तेवढ्याच. तिठ्यावरच्या शर्यतीचं उत्तर तयार होऊन आलं तेव्हा ऐकायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

जुलै १९३१ मध्ये कर्ज थकलेल्या कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला. नेपियर ही इंजिनं बनवणारी ब्रिटिश कंपनी ती विकत घेणार हे जवळजवळ ठरलं होतं, डब्ल्यू. ओं.बरोबर नव्या गाडीच्या आखणीलाही सुरुवात झाली होती. ऐन वेळी ‘ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट’ या कुणाला फारशा माहीत नसलेल्या नावानं बोली आली, सव्वा लाख पौंडांच्या आसपास, नेपियरपेक्षा जास्त. त्या नावाआड कोण होतं ते थोड्या दिवसांनी कळलं. रोल्स-रॉइस. दुसऱ्यांदा ती वेष पालटून समोर आली होती, आणि या वेळी तिला तिठ्यावर कुणी ओळखलं नाही.

एट लिटर लगेच बंद झाली. डब्ल्यू. ओं.चा करारही मालमत्तेबरोबर डर्बीच्या मालकीचा झाला. आखणीच्या टेबलाशी त्यांना बसू दिलं नाही. काम मिळालं ते गाड्या चालवून बघण्याचं. ज्या कंपनीच्या टेस्ट गाडीशी ते फ्रान्समध्ये झुंजले, त्याच कंपनीचे ते आता टेस्टिंगवाले झाले. १९३५ मध्ये करार संपला आणि ते लगोंडा या दुसऱ्या ब्रिटिश मोटार कंपनीत गेले.

त्याआधी, १९३३ मध्ये, डर्बीनं बेंटलीच्या नावाची पहिली गाडी काढली. तिचं इंजिन रोल्स-रॉइसच्या २०/२५ या लहान गाडीवरून घेतलेलं. तीत रेल्वेचे दांडे नव्हते, डोक्यावरचा कॅमशाफ्टही नव्हता. जाहिरातीत तिला ‘सायलेंट स्पोर्ट्स कार’ म्हटलं. डब्ल्यू. ओं.नी ती बारकाईनं चालवली आणि मत दिलं की सगळ्या बाजूंनी पाहता आपल्या नावाच्या गाड्यांपैकी एक ठेवायची झाली तर आपण हीच ठेवू. हे मत देताना ते त्याच कंपनीचे पगारी नोकर होते, हे मी विसरायला तयार आहे. कारण गाडीच्या बाबतीत खोटं बोलायची त्यांची ख्याती नव्हती.

या गाडीचं इंजिन ३,६६९ सीसीचं होतं, सनच्या सव्वाचार लिटरहून लहान. बोअर सव्वातीन इंच, म्हणजे ८२ मिलिमीटरच्या जरासा पुढे. कराच्या सूत्रानं २५ अश्वशक्ती आणि थोडी वर.